अमेरिकन पासपोर्टवर युरोपात राहताना: टोमणे, वाद आणि बँकेचा नकार

न्यू जर्सी किंवा टेक्सासहून म्युनिकला, आइंडहोव्हनला किंवा लियॉंला बदली झाली की घर, शाळा, विमा, ड्रायव्हिंग लायसन्स अशी यादी प्रत्येक जण करतो. निळ्या पासपोर्टबद्दल समोरच्याचं मत आपण पोहोचण्याआधीच झालेलं असतं, ही गोष्ट त्या यादीत नसते. नव्या सुनेला तिच्या माहेरच्यांच्या वागण्याचा जाब विचारावा तसा अमेरिकन माणसाला व्हाइट हाउसचा जाब विचारला जातो. काहींना त्यात गंमत वाटते, काही जण पहिल्या सहा महिन्यांतच लोकांत मिसळणं बंद करतात. तशी वेळ येऊ नये म्हणून काय करायचं ते इथे मांडलं आहे. अमेरिकन नागरिक झालेली मराठी कुटुंबंही यात आली, आणि बँकेचा भाग ग्रीन कार्डवाल्यांनाही तितकाच लागू आहे.

आधी प्रकार ओळखा

‘इथले लोक अमेरिकाविरोधी आहेत’ या एका वाक्यात निदान चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. वॉशिंग्टनच्या धोरणावरचा राग ही एक. अमेरिकन वागण्याबद्दलची नापसंती (मोठा आवाज, अघळपघळ मोकळेपणा, सगळीकडे डॉलरमध्ये हिशोब) ही दुसरी. अमेरिकन कायद्यामुळे बँकेत येणारी अडवणूक ही तिसरी. तिच्यात कुणाच्या भावनेचा संबंध नसतो. आणि खरा द्वेष किंवा धमकी ही चौथी, जी सर्वांत कमी वेळा वाट्याला येते. आपल्या चेहऱ्याच्या अमेरिकनाला पाचवीही भेटते, ती म्हणजे साधा वर्णद्वेष. त्याबद्दल पुढे.

ओळखायची सोपी खूण म्हणजे वाक्याचा कर्ता. ‘तुमच्या सरकारनं’ अशी सुरुवात असेल तर समोरच्याला चर्चा हवी आहे. ‘तुम्ही अमेरिकन लोक नेहमी’ असं असेल तर तुमच्या किंवा तुमच्या आधी येऊन गेलेल्या कुणाच्या तरी वागण्याचा राग आहे. ‘तू इथे कशाला आलास’ असं असेल तर तिथे वाद घालायचा नाही, तिथून निघायचं.

हा राग व्हाइट हाउसमध्ये कोण बसलंय त्यावर फार हलतो, हेही ध्यानात ठेवा. प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीत अमेरिकेबद्दल चांगलं मत असलेले जर्मन 2008 मध्ये 31 टक्के होते, 2009 मध्ये 64 टक्के झाले. फ्रान्समध्ये आकडा 42 वरून 75 वर गेला. या वर्षभरात अमेरिकन माणसं बदलली नव्हती, अध्यक्ष बदलला होता. पुढे 2017 मध्ये आणि 2025 मध्ये वारं उलटं फिरलं. म्हणजे आज ऑफिसात जे ऐकू येतं त्यातला बराच भाग तात्पुरता असतो. मात्र त्याखाली एक जुना थर असतो, तो देशागणिक वेगळा असतो, आणि खरी तयारी त्याचीच करावी लागते.

देश बदलला की कारण बदलतं

ज्या देशात जाताय तिथली एक जखम तरी नावानिशी माहीत हवी. ती माहीत नसेल तर माणूस सहज बोलून जातो आणि टेबल का गप्प झालं ते त्याला कळतही नाही.

ग्रीसमध्ये ती जखम 1967 ते 1974 ची लष्करी राजवट. शीतयुद्धात वॉशिंग्टनने त्या राजवटीची पाठराखण केली, असं तिथे डावे-उजवे सगळेच मानतात. बिल क्लिंटन यांनी 1999 मध्ये अथेन्सला जाऊन ती चूक बोलून दाखवली, पण त्याच भेटीत शहरात दंगल झाली. 17 नोव्हेंबर 1973 ला, राजवटीविरुद्ध विद्यार्थी जमले होते त्या पॉलिटेक्निकचं फाटक रणगाड्याने तोडलं गेलं. दरवर्षी त्या तारखेचा मोर्चा अमेरिकन दूतावासावर जातो. अथेन्समध्ये राहत असाल तर कॅलेंडरवर हा दिवस लाल करून ठेवा. मध्यवर्ती मेट्रो स्थानकं बंद होतात, दूतावासाच्या बाजूचे रस्ते संध्याकाळी वापरायचे नाहीत. एरवी ग्रीक शेजारी तुम्हाला जेवायला घालूनच सोडेल, आणि त्याचा एखादा काका शिकागोत किंवा न्यूयॉर्कमधल्या अस्टोरियात असण्याची शक्यता दांडगी.

स्पेनमध्ये मुद्दा फ्रँकोचा. युरोपातले बाकीचे देश हुकूमशहाला लांब ठेवत असताना अमेरिकेने 1953 मध्ये त्याच्याशी तळांचा करार केला. रोटा आणि मोरोन हे तळ आजही आहेत. 1966 च्या जानेवारीत पालोमारेस गावाच्या परिसरात अमेरिकन विमानातून चार हायड्रोजन बॉम्ब पडले, त्यातला एक समुद्रात. अणुस्फोट झाला नाही, पण दोन बॉम्बमधली साधी स्फोटकं फुटून प्लुटोनियम शेतांत पसरलं. ‘आम्ही युरोपला हुकूमशाहीतून सोडवलं’ हे वाक्य नॉर्मंडीत चालून जाईल. माद्रिदमध्ये ते बोलू नका.

इटलीत कावालेसे हे नाव लक्षात ठेवा. 3 फेब्रुवारी 1998 ला अमेरिकन मरीन कोअरच्या, फार खालून उडणाऱ्या विमानाने रोपवेची तार तोडली, पाळण्यातली 20 माणसं मेली. खटला इटलीत न चालता अमेरिकन लष्करी न्यायालयात चालला आणि वैमानिक मनुष्यवधाच्या आरोपातून सुटला. इटालियन माणसाला अमेरिका आवडते, अगदी मनापासून आवडते, पण ‘तुमच्या लोकांना आमचा कायदा लागत नाही’ ही तक्रार इथून येते. 2003 मध्ये मिलानच्या रस्त्यावरून सीआयएने एका इमामाला उचलून नेलं, त्यानंतर ती आणखी पक्की झाली.

सर्बियात 1999. नाटोची विमानं 78 दिवस बॉम्ब टाकत होती, आणि बेलग्रेडच्या मध्यवस्तीत लष्करी मुख्यालयाच्या इमारतीचे भग्नावशेष पुढची पंचवीस वर्षं तसेच उभे राहिले. तिथे कोसोव्होबद्दल मत विचारलं तर ‘तेव्हा मी लहान होतो, तुम्ही कुठे होतात?’ असं विचारून ऐकून घ्या. तिथून गाडीने काही तासांवर, कोसोव्होच्या राजधानीत प्रिश्टिनात बिल क्लिंटनचा पुतळा आहे आणि त्याच्या नावाचा मोठा रस्ता. एका शहरात शिकलेलं वाक्य दुसऱ्या शहरात नेऊ नका, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही.

जर्मनीत वय आणि गाव पाहून अंदाज बांधा. पश्चिम बर्लिनच्या वृद्धांना 1948-49 च्या सोव्हिएत नाकेबंदीतला हवाई पूल आठवतो, विमानांतून आलेला कोळसा आणि पीठ आठवतं. तेव्हाच्या पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये वाढलेल्या साठीच्या माणसाला शाळेत वेगळं शिकवलेलं असतं. त्यांच्या मुलांना आठवतं ते 2003 चं इराक आणि 2013 मध्ये उघड झालेलं चान्सलर मर्केल यांच्या मोबाइलवरचं अमेरिकन पाळतप्रकरण. खासगी माहितीबद्दल जर्मन माणूस आधीच हळवा, त्यात हे. त्यामुळे ऑफिसात ‘सगळं अमेरिकन क्लाउडवर टाकू या’ म्हणताना जो थंडपणा जाणवतो, तो तुमच्यावरचा नसतो.

फ्रान्सबद्दल गैरसमज सर्वांत जास्त. राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी 1966 मध्ये फ्रान्सला नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेतून बाहेर काढलं आणि नाटोचं मुख्यालय पॅरिसहून ब्रसेल्सला गेलं. 1999 मध्ये होसे बोव्हे आणि त्याच्या शेतकरी साथीदारांनी मियो गावात बांधकाम चालू असलेलं मॅकडॉनल्ड्स मोडून काढलं. कारण असं की युरोपने हार्मोनवालं गोमांस नाकारलं म्हणून अमेरिकेने रोकफोर चीजवर जबर शुल्क लावलं होतं. गंमत अशी, की अमेरिकेबाहेर मॅकडॉनल्ड्सच्या सर्वांत मोठ्या बाजारपेठांत फ्रान्स मोडतो. तिथला वाद मांडणीचा असतो, तो रंगतो आणि कॉफीबरोबर संपतो. तो मनाला लावून घेणारा अमेरिकन तिथे कंटाळवाणा ठरतो.

डेन्मार्क हा नवा भाग. एरवी अमेरिकेचा घट्ट मित्र. अफगाणिस्तानात डेन्मार्कचे चाळीसहून अधिक सैनिक मेले, आणि तेही नाटोचं पाचवं कलम (एका सदस्यावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा) एकदाच वापरलं गेलं त्या प्रसंगामुळे, म्हणजे 11 सप्टेंबरनंतर अमेरिकेच्या मदतीसाठी. 2019 मध्ये ग्रीनलंड विकत घेण्याची भाषा झाली, 2025 मध्ये ती जास्त कडक होऊन परत आली, तेव्हा तिथल्या माणसाला राग येण्याआधी विश्वासघात वाटला. सालिंग या मोठ्या किराणा समूहाने 2025 मध्ये युरोपीय मालाच्या किंमतपट्टीवर काळा तारा छापायला सुरुवात केली, गिऱ्हाइकांनीच तशी मागणी केली होती. कोपनहेगनमध्ये ‘युरोप संरक्षणाला पैसे देत नाही’ हा विनोदही करू नका.

पोलंड, बाल्टिक देश आणि कोसोव्होत अडचण उलटी. तिथे अमेरिकेला शिव्या देऊन जवळीक साधायला गेलात तर समोरचा दुखावतो, कारण त्याच्या दृष्टीने रशिया आणि तो यांच्यामध्ये अमेरिकन सैनिकच उभा आहे.

जेवणाच्या टेबलावर

पहिल्या भेटीत होणाऱ्या दोन चुका सगळ्यांच्याच. एक, पहिल्याच वाक्याला वकिली सुरू करणं. दुसरी, ‘सॉरी, आमच्या अध्यक्षांबद्दल माफ करा’ म्हणून हात जोडणं. दुसरी चूक जास्त महागात पडते. ओशाळा माणूस लोकांना आवडत नाही. आणि एकदा माफी मागितली की प्रत्येक बातमीनंतर ती मागावी लागते.

चालतं ते असं. आरोप आला की आधी तो नेमका करून घ्या: ‘तुम्ही आयातशुल्काबद्दल म्हणताय की युक्रेनबद्दल?’ निम्मा धुरळा तिथेच बसतो. मग जे खरं असेल तेवढं, तेवढंच, मान्य करा. मग स्वतःचं मत दोन वाक्यांत. मग प्रश्न त्यांच्याकडे. लियॉंत यजमानीण चीज कापताना विचारते, ‘तुमच्याकडे लहान मुलं शाळेत गोळीबाराची कवायत करतात म्हणे?’ याला ‘सगळीकडे नाही’, ‘मीडिया फुगवतं’, ‘दुसऱ्या घटनादुरुस्तीचा इतिहास असा की’ यांतलं काहीही उत्तर म्हणून देऊ नका. ‘हो. माझी मुलगी पहिलीत करायची. दिवे बंद करून बाकाखाली बसायचं. मला ते कधी पटलं नाही.’ एवढं पुरे. यजमानीण सुरी खाली ठेवते आणि पुढचा प्रश्न मुलीबद्दल विचारते. देशाबद्दलचं बोलणं माणसाबद्दलचं झालं की टोमण्याची धार जाते.

तयार ठेवायची माहिती थोडीच आहे, पण पक्की हवी. फाशीची शिक्षा हा युरोपचा आवडता विषय. ती सगळ्या अमेरिकेत नाही, 23 राज्यांनी रद्द केली आहे, न्यू जर्सीने 2007 मध्येच. बंदूक, गर्भपात, शाळा यांचे कायदेही राज्यागणिक वेगळे, तेव्हा ‘अमेरिकेत’ ऐवजी ‘आमच्या राज्यात’ म्हणायची सवय लावा. क्लोरिनने धुतलेली कोंबडी युरोपात 1997 पासून बंद आहे. तिच्यावर वाद घालू नका, हरणार. नाटोच्या खर्चाबद्दल: 2014 मध्ये जीडीपीच्या 2 टक्क्यांचं लक्ष्य ठरलं, 2025 मध्ये हेगला ते 2035 पर्यंत 5 टक्के झालं. म्हणजे पैशांबद्दलची अमेरिकन तक्रार अगदीच पोकळ नव्हती. पण हे समोरच्याला बोलू द्या, तुम्ही काढू नका.

‘मग तुम्ही अल्जीरियात काय केलंत?’, ‘काँगोत काय केलंत?’ हे हत्यार मराठी मूळ असलेल्या माणसाच्या हाती चटकन येतं. वसाहतवादावर आपल्याला बोलायचा हक्क आहेच. पण इराकच्या प्रश्नाला काँगोचं उत्तर दिलं की ते उत्तर राहत नाही, आणि शिवाय अमेरिकेची बाजू सांभाळायला भारताचा इतिहास उसना आणल्यासारखं दिसतं. तो विषय स्वतंत्रपणे, दुसऱ्या दिवशी काढा.

स्थानिक भाषेतलं एक वाक्य दहा इंग्रजी वाक्यांचं काम करतं. जर्मनीत ‘दास झेए इश आन्डर्स’, म्हणजे मला हे वेगळं दिसतं. हे सभ्यही आहे आणि ठामही. त्यावर कुणी रागावत नाही. फ्रान्समध्ये ‘से प्लू कॉंप्लिके क सा’, प्रकरण इतकं सोपं नाही. आणि विषय नकोच असेल तर सरळ सांगा, ‘आज ऑफिसात हेच तीनदा झालं, आता तुमच्या सुट्टीबद्दल सांगा.’ हसून सांगितलं की चालतं.

‘मत कुणाला दिलंत?’ हा प्रश्न नक्की येतो. सांगायचं बंधन नाही. पण ‘मत दिलंच नाही’ हे उत्तर सर्वांत वाईट, त्यानंतर तुमच्या कुठल्याच मताला वजन राहत नाही. परदेशातून मत देता येतं. फेडरल पोस्टकार्ड अर्ज दरवर्षी जानेवारीत नव्याने भरा. फेडरल निवडणुकीच्या किमान 45 दिवस आधी मतपत्रिका पाठवणं राज्यांवर बंधनकारक आहे. ती ईमेलने मागवा, कारण टपालाने यायला उशीर झाला की ती परत पाठवण्यातच मुदत जाते.

वागणं: इथे दोष बऱ्याचदा आपलाच

फ्रान्समध्ये दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, डॉक्टरच्या प्रतीक्षाकक्षातसुद्धा आधी ‘बोंझूर’. ते न म्हणता थेट ‘एक्स्क्यूज मी, डू यू हॅव’ सुरू केलंत तर समोरची बाई आखडते, आणि तुम्ही घरी येऊन सांगता की फ्रेंच लोक अमेरिकनांचा द्वेष करतात. तिच्या लेखी तुम्ही तिला माणूस समजलाच नाहीत.

आवाज हा दुसरा मुद्दा. रेस्तराँत आपलं बोलणं शेजारच्या टेबलाला कळत असेल तर आवाज जास्त आहे. जर्मन रेल्वेत शांत डबे ठरलेले असतात, तिकीट काढताना तशी निवड दिसते. तिथे फोन घ्यायचा नाही. इमारतीत रात्री 10 ते सकाळी 6 शांतता, रविवारी ड्रिल नाही, गवतकापणी नाही, काचेच्या बाटल्याही कुंडीत टाकायच्या नाहीत. शेजाऱ्याची पहिली चिठ्ठी याच कारणाने येते. तिला दोन ओळींचं उत्तर लिहून दारात खाऊ ठेवा. दुसरी येत नाही.

टिप: फ्रान्समध्ये सेवाशुल्क बिलातच असतं, वर एक-दोन युरो ठेवले तर ठेवले. जर्मनीत 5 ते 10 टक्के, आणि ती टेबलावर ठेवायची नसते. पैसे देताना पूर्ण रक्कम तोंडाने सांगायची, 27 चं बिल असेल तर ‘तीस’ म्हणायचं. वीस टक्के देऊन प्रेम मिळत नाही, फुशारकी दिसते. आणि युरोपातल्या पगाराची अमेरिकेतल्या पगाराशी तुलना मोठ्याने कधीच करू नका. त्यांच्या सुट्ट्या आणि विमा त्या हिशोबात धरलेला नसतो, हे त्यांना माहीत असतं.

कॅनडाचा झेंडा बॅगेवर लावायची युक्ती जुनी आहे. पर्यटकाला एखादा आठवडा चालेल. राहणाऱ्या माणसाला नाही, कारण तिसऱ्या प्रश्नाला खोटं उघडं पडतं आणि मग अमेरिकन असण्यापेक्षा खोटारडेपणा जास्त लक्षात राहतो.

‘ते ठीक, पण मूळचे कुठले?’

सावळ्या अमेरिकनाची ही खास पंचाईत. ‘अमेरिका’ म्हटलं की ‘नाही, खरे कुठले?’ विचारतात, ‘भारत’ म्हटलं की पासपोर्ट, उच्चार आणि मुलांचं इंग्रजी वेगळंच सांगतं. अडचणीच्या प्रसंगी ‘मी भारतीय’ म्हणून सटकण्याचा मोह होतो. एकदा करून बघा. लगेच भारताच्या रशियन तेलखरेदीचा प्रश्न येतो आणि तुम्ही दुसऱ्या सरकारचे वकील होता. त्यापेक्षा दोन्ही एका दमात सांगा: ‘आईवडील पुण्याचे, मी एडिसनमध्ये वाढलो, आता इथे.’ आपली गोष्ट आपणच सांगितली की पुढची उलटतपासणी बहुधा होत नाही.

घर नाकारलं, क्लबच्या दारातून परत पाठवलं, मुलाला रंगावरून चिडवलं, तर ते अमेरिकाविरोधाच्या खात्यात टाकू नका. हे फक्त भावनेपुरतं नाही, कायद्यातही खाती वेगळी आहेत. युरोपीय संघाचा 2000 सालचा वंशसमानता निर्देश वंश आणि वांशिक मूळ यांवरून होणाऱ्या भेदभावाला लागू होतो. नागरिकत्वावरून केलेला फरक त्यातून वगळला आहे. म्हणजे ‘अमेरिकनांना घर देत नाही’ या वाक्यावर तक्रार अवघड, ‘तुमच्यासारख्या लोकांना देत नाही’ यावर शक्य. जर्मनीत दावा लेखी मांडायला साधारण दोन महिन्यांचीच मुदत आहे, ती गेली की प्रकरण संपलं. फ्रान्समध्ये दंडसंहितेतल्या यादीत ‘राष्ट्र’ हेही कारण आहे, त्यामुळे तिथे तक्रारीला वाव जास्त. भेदभावाच्या तक्रारीसाठी 3928 हा क्रमांक आहे. नकार आला त्याच रात्री तारीख, वेळ, वापरलेले शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवा, मेसेजचे स्क्रीनशॉट काढा. आठवड्याने लिहिलेल्या टिपणाला फारशी किंमत उरत नाही.

बँक

सर्वांत कोरडी आणि सर्वांत त्रासदायक अडवणूक इथे होते. काउंटरवरची मुलगी हसत असते, अर्जातला एक रकाना भरल्यावर तिचं हसू मावळतं: ‘तुम्ही यूएस पर्सन आहात का?’ यामागे 2010 चा फॅटका कायदा. परदेशी बँकेने अमेरिकन खातेदारांची माहिती दिली नाही तर तिच्या अमेरिकेतून येणाऱ्या काही उत्पन्नावर 30 टक्के कापले जातात. हे काम खर्चिक, म्हणून लहान बँका अमेरिकन गिऱ्हाईकच नको म्हणतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं, त्यातला हा प्रकार.

‘यूएस पर्सन’मध्ये नागरिक आले आणि ग्रीन कार्डवालेही आले. एच-1बी सोडून परत आलेला, आता तिथे कर-रहिवासी नसलेला भारतीय नागरिक येत नाही. बँक ज्या खुणा शोधते त्या अशा: अमेरिकेतलं जन्मस्थान, अमेरिकेतला पत्ता किंवा फोन नंबर, अमेरिकन खात्यात पैसे पाठवायची कायमची सूचना, अमेरिकेतल्या कुणाला दिलेलं कुलमुखत्यारपत्र. म्हणून न्यू जर्सीत जन्मलेलं आणि दोन वर्षांचं असताना पुण्याला परतलेलं मूल मोठेपणी ॲमस्टरडॅमला शिकायला गेलं तरी बँक त्याला अमेरिकनच धरते.

करायचं असं. सामाजिक सुरक्षा क्रमांक आणि भरलेला डब्ल्यू-9 फॉर्म (अमेरिकन करदाता असल्याचा) पहिल्याच भेटीला घेऊन जा. ‘नंतर देतो’ म्हटलं की फाइल बाजूला पडते. मोठ्या बँकेत जा, नव्या ॲप-बँकेचे नियम आधी वाचा. चालू खातं मागा, गुंतवणुकीचं नाव काढू नका, कारण नकार बहुधा तिथूनच सुरू होतो. तरीही नाही म्हणाले तर नकार लेखी मागा. युरोपीय संघात कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रत्येकाला मूलभूत पेमेंट खात्याचा हक्क आहे (निर्देश 2014/92), आणि पूर्ण अर्ज मिळाल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत बँकेने खातं उघडायचं किंवा नकार द्यायचा असतो. जर्मनीत या खात्याला ‘बाझिसकाँटो’ म्हणतात, हेच नाव अर्जावर लिहा. तक्रार बाफिन या नियामकाकडे. फ्रान्समध्ये नकाराचं पत्र घेऊन बांक द फ्रान्सकडे जायचं, ती तुम्हाला एक बँक नेमून देते. ब्रिटन आणि स्वित्झर्लंडला हा निर्देश लागू नाही. स्विस बँका तर 2009 च्या यूबीएस प्रकरणापासून जास्तच सावध आहेत. त्या बँकेला 78 कोटी डॉलर मोजावे लागले होते.

बँकेच्या अर्जातल्या ‘यूएस पर्सन’च्या रकान्यात खोटं लिहू नका. ‘नाही’वर खूण करून खातं उघडलेले बरेच जण आहेत, आणि पासपोर्टच्या प्रतीतलं जन्मस्थान वाचलं जातं त्या दिवशी खातं गोठतं. त्याच महिन्याचं भाडं अडकतं.

खातं उघडल्यावर वर्षातून एकदा: परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, अमेरिकन सरकारकडे भरायचा. मुदत 15 एप्रिल, आपोआप 15 ऑक्टोबरपर्यंत वाढते. यात पुण्यातलं एनआरओ खातं आणि आईबरोबरचं संयुक्त एफडीसुद्धा मोजलं जातं, हे मराठी घरांत हमखास विसरलं जातं. स्थानिक बँकेने सुचवलेला युरोपीय म्युच्युअल फंड घेऊ नका. अमेरिकन करखात्याच्या लेखी तो पीफिक (परदेशी गुंतवणूक कंपनी) ठरतो, प्रत्येक फंडाला सहसा दरवर्षी फॉर्म 8621 लागतो आणि कर इतका बसतो की नफ्याचा मोठा भाग त्यातच जातो. मागची वर्षं अजाणतेपणी राहून गेली असतील तर ती भरून काढायची ‘स्ट्रीमलाइन्ड’ पद्धत आहे: तीन वर्षांची विवरणपत्रं, सहा वर्षांचे एफबार. परदेशात राहणाऱ्याला त्यात दंड नाही, पण नोटीस येण्याआधी करावं लागतं.

मुलांची शाळा

मुलाला वर्गात देशाचं प्रतिनिधी करतात. इतिहासाचा तास असला की शिक्षक सहज म्हणतात, ‘तू अमेरिकन ना, तू सांग.’ सातवीतल्या मुलाला इराकचं युद्ध सांगता येत नाही, ते तर त्याच्या जन्माआधीचं. शिक्षकांना वर्षाच्या सुरुवातीलाच भेटून एवढंच सांगा, की त्याला त्याच्या शहराबद्दल विचारा, सरकारबद्दल नको. बहुतेकांना ते चटकन पटतं. मुलाला एक वाक्य पाठ करून द्या: ‘मी तिथे मत देत नाही, मी बारा वर्षांचा आहे.’ वर्ग हसतो, मुलाच्या बाजूने हसतो.

चिडवणं रोजचं झालं तर वर्गशिक्षकांना ईमेल करा. तोंडी तक्रारीचा मागमूस राहत नाही. इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही लिहा, भाषांतर कच्चं असलं तरी चालेल.

खरा धोका

क्वचित येतो. बहुधा मोर्चाच्या दिवशी, दूतावासाजवळ किंवा दारूनंतर. अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या, परदेशातल्या नागरिकांसाठीच्या स्टेप नोंदणीत नाव घालून ठेवा, फुकट आहे. मोर्चांच्या सूचना ईमेलने येतात. मोर्चा बघायला थांबू नका, फोटो काढू नका, बेसबॉलची टोपी घालून तिथून जाऊ नका. बारमध्ये कुणी अंगावर आलं तर आपलं बरोबर असलं तरी बिल देऊन बाहेर पडा. युरोपीय संघात कुठेही 112 लावा. मार लागला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरचा दाखला घ्या आणि पोलिसांत लेखी तक्रार द्या. तिची प्रत मागितल्याशिवाय देत नाहीत, म्हणून मागा. दूतावास वकिलांची यादी देतो, हरवलेल्या पासपोर्टच्या जागी तातडीचा देतो, तुरुंगात भेटायला येतो. सोडवून आणत नाही, दंडही भरत नाही. ती यादी दूतावासाच्या संकेतस्थळावर एरवीही असते. तीतला तुमच्या शहरातला, इंग्रजी बोलणारा एक वकील निवडून त्याचा नंबर आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा.